‘हात लाव’वाले घरत सर

तमाम वाचकांना, विशेषतः ज्यांच्या घरी लहान मुलं, अंडी, फुगे किंवा सुस्थितीतली परात आहे अशांना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत, बी विंगमध्ये, लिफ्टमधून बाहेर पडल्यावर डाव्या हाताला, दामोदर घरत नावाचे एक गृहस्थ राजरोस राहतात. त्यांचं दार सताड उघडं असतं. त्यांनी हातात दिलेली कोणतीही वस्तू दाबू, फुंकू, हलवू किंवा चाखू नये. हा इशारा मला वेळेवर कुणी दिला नाही. म्हणून मी तो आपल्याला देतो आहे.

आम्ही इथे राहायला आलो त्या दिवशीची गोष्ट. अर्धं सामान खोक्यांत, अर्धं जिन्यात, आणि बायको सांडशी शोधतेय. एवढ्यात बेल वाजली. दारात एक काटकुळा माणूस. डोक्यावरचे पांढरे केस वीज पडल्यासारखे उभे, पायात स्लिपर आणि हातात एक अंडं. नवीन शेजाऱ्याकडे लोक चहा घेऊन येतात, निदान पाणी किती वाजता जातं ते सांगायला येतात. हा माणूस नुसतं अंडं घेऊन आला होता.

“मुठीत घ्या,” तो म्हणाला.

“कशाला?”

“हात लावल्याशिवाय कसं कळनार? घ्या. चारी बाजूंनी धरा. आता दाबा. जीव खाऊन दाबा. फुटनार नाय.”

मी सभ्य माणूस. पहिल्याच दिवशी शेजाऱ्याचा शब्द कसा मोडायचा? मी जीव खाऊन दाबलं. अंडं फुटलं. बलक मनगटावरून कोपरावर आणि कोपरावरून बायकोने नुकत्याच पुसलेल्या फरशीवर. मी काही बोलणार, तोच तो माणूस टाळ्या पिटत ओरडला, “अंगठी! अंगठी हाय की तुमच्या बोटात! एका जागी जोर आला! अंगठी काढली तर फुटत नाय. वा, काय मस्त फसला! भाऊ, फसलेला प्रयोग जन्मभर लक्षात ऱ्हातो. थांबा, दुसरं आनतो.”

दुसरं आणलं. अंगठी काढली. जीव खाऊन दाबलं. फुटलं नाही. मी वेड्यासारखा बायकोला हाका मारत सुटलो, “अगं ये, बघ, दाबून बघ!” आणि त्या क्षणी मी कामातून गेलो. त्या माणसाने, म्हणजे घरत सरांनी, गुडघ्यावर बसून आमची फरशी लख्ख पुसून दिली, अंगठी परत बोटात घालायची आठवण करून दिली आणि निघून गेले. बायको म्हणाली, “माणूस बरा दिसतोय. दोन अंडी आणली, त्यातलं एक तरी राहिलं.”

घरत सर शाळेत विज्ञान शिकवतात. शाळेत प्रयोगशाळा आहे. तिथे काचेच्या कपाटात सगळं आहे, चंचुपात्र, सूक्ष्मदर्शक, चुंबक, हाडांचा सांगाडा. कपाटाला कुलूप आहे आणि कुलपाची किल्ली मोठ्या बाईंच्या पर्समध्ये आहे. मुलं रांगेने येतात, काचेला नाक लावतात आणि रांगेने परत जातात. सर त्याला प्रयोगशाळा म्हणत नाहीत. “शोकेस हाय ती,” म्हणतात. “लग्नातला डिनर सेट ठेवतात ना लोक, तशी.” म्हणून सर स्वतःच्या पिशवीतून शिकवतात. पिशवीत सायकलची ट्यूब, नरसाळं, डाव, आरशाचे तुकडे, मेणबत्त्या आणि बहुधा आमच्या घरातली एखादी गायब झालेली वाटी.

एकदा शाळेत तपासणीला साहेब आले. मोठ्या बाईंनी कपाट पुसून घेतलं, काचेवर ‘विज्ञान आमचा श्वास’ असा कागद चिकटवला. साहेब काचेतून बघून मान डोलावतात न डोलावतात, तोच सरांनी त्यांना बाईंच्याच गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसवलं आणि सायकलचं चाक गरागरा फिरवून हातात दिलं. “धरा साहेब. आता आडवं करा.” साहेबांनी चाक आडवं केलं आणि कुणी हात न लावता खुर्ची साहेबांसकट वळायला लागली. वर्ग किंचाळला. साहेबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. खुर्ची थांबली तेव्हा साहेब दम खात म्हणाले, “आता उलट्या बाजूने.” त्या दिवशी कपाट कुणी उघडलंच नाही. सही मात्र साहेबांनी हसत केली.

हे शाळेतलं. पण प्रत्येक प्रयोग शाळेत जायच्या आधी आमच्या सोसायटीवर होतो. आणि इथेच या कथेत आमचे सेक्रेटरी कदमसाहेब प्रवेश करतात.

कदमसाहेब सरकारी कचेरीतून निवृत्त झाले, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. बारा महिने सफारी सूट. छंद एकच, पाट्या लावणे. फुलांना हात लावू नये. नोटीस बोर्डाला हात लावू नये. मीटरला हात लावू नये. अग्निशमन बादलीला विनाकारण हात लावू नये. आता एका इमारतीत एक माणूस जन्मभर ‘हात लाव’ म्हणतोय आणि दुसरा ‘हात लावू नये’ लिहितोय, म्हटल्यावर तिथे करमणुकीला वेगळं काही लागत नाही.

मध्यंतरी जिन्याचे कठडे रंगवले. कदमसाहेबांनी पाटी लावली, ‘रंग ओला आहे, हात लावू नये.’ सर सोसायटीतल्या पोरांना घेऊन पाटीपुढे उभे. “ओला हाय असं लिवलंय. खरं कशावरून?” पोरांनी एकमेकांकडे बघितलं. “तळमजल्यावर आधी रंगवला का वरती? कुठला आधी सुकेल? सावलीतला का उन्हातला?” बस्. संध्याकाळपर्यंत बी विंगच्या कठड्यांवर प्रत्येक मजल्याला बोटांचे ठसे. कदमसाहेब जिन्यात उभे राहून ओरडले, “घरत, हा काय प्रकार आहे?” सर गंभीरपणे म्हणाले, “निष्कर्ष आला साहेब. उन्हातला आधी सुकतो.”

मग लिफ्ट. सरांनी वजनकाटा लिफ्टमध्ये ठेवला. एकेका पोराला वर उभं करायचं आणि लिफ्ट चालू. वर निघताना काटा पुढे सरकतो, खाली निघताना मागे येतो. पोरं खूश. पण सगळ्यात खूश झाल्या पाचव्या मजल्यावरच्या शाहभाभी. लिफ्ट खाली सुटते त्या क्षणाला आपलं वजन बरंच उतरतं हे त्यांना कळलं आणि त्यांनी नेमका तेवढा क्षण मोबाइलवर टिपून अख्ख्या सासरला पाठवला. दुसऱ्या दिवसापासून लिफ्टला रांग. दूधवाला जिन्याने. तिसऱ्या दिवशी पाटी, ‘लिफ्टमध्ये वजन करू नये.’ शाहभाभी अजून कदमसाहेबांशी बोलत नाहीत.

सर एकटे राहतात. लग्न का केलं नाही, असं बायकोने एकदा विचारलं. म्हणाले, “वहिनी, फसला तर परत करता येत नाय असला प्रयोग मी करत नाय.” असं काहीतरी बोलून माणसाला हसवायचं आणि विषय उडवायचा, ही त्यांची जुनी खोड.

त्यांच्या घरात सगळ्याला हात लावायची मुभा आहे. पोरं शाळेतून आली की आधी सरांकडे. कुणी पंख्याला दोरा बांधतंय, कुणी फ्रिजमध्ये ओल्या चड्ड्या गोठवतंय. सर स्टुलावर बसून चहात बटर बुडवत बघत असतात. “हात लाव. बघ काय होतंय.” फक्त एकदा, एकदाच, मी त्यांना वेगळं वागताना पाहिलं.

स्वयंपाकघराच्या फळीवर चिनीमातीची एक बरणी होती. मी सहज उघडली. आत जाडं, जरा राखाडी मीठ. मी चिमूट उचलणार, एवढ्यात सरांनी येऊन बरणी माझ्या हातातून काढून घेतली. हिसकावली नाही. झोपलेलं मूल घ्यावं तशी घेतली.

“ते ऱ्हाऊ दे भाऊ.”

मी चकित. ‘हात लाव’ म्हणणाऱ्या माणसाच्या घरात हे काय? सरांनी झाकण लावलं, बरणी परत फळीवर ठेवली आणि माझ्याकडे पाठ करूनच सांगितलं. सर मूळ खाडीकाठच्या जासई गावचे. वडील मिठागरात राबायचे. खाडीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ धरलं की ओढायचं. पुढे ती जमीन गेली, भराव पडला, आता तिथे कंटेनर रचलेले असतात. वडीलही गेले. ही बरणी त्यांच्या हातच्या शेवटच्या मिठाची. “शाळेत पहिल्यांदा पास झालो विज्ञानात तेव्हा मास्तर बोलले, बाष्पीभवन म्हंजे काय सांग. मी बोललो, माझा बापूस करतो ते.” सर हसले. “मास्तरांनी हातावर छडी दिली.”

“मग बरणीवर काहीतरी लिहून ठेवा ना,” मी म्हटलं. “पोरांचा सुळसुळाट असतो इथे.”

“काय लिवू? हात लावू नये?” सरांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना सफारी सूट शिवायला सांगितला होता. “माझ्या घरात?”

मी तो विषय परत काढला नाही.

दर मे महिन्यात सर पार्किंगमध्ये पोरांचं शिबिर घेतात. यंदा कदमसाहेबांची नात ओवी पुण्याहून सुट्टीला आली होती. मोठी हुशार, मोठी आगाऊ, आणि आल्यापासून मोबाइलमध्ये बुडालेली. सरांनी पहिल्या दिवशी तिच्या हातात ताटली दिली, मीठ घातलेलं पाणी दिलं, म्हणाले उन्हात ठेव. दुसऱ्या दिवशी ताटलीत पांढरी नक्षी. ओवीने बोट लावलं, चाटलं, आणि मोबाइल जो आजीकडे गेला तो तिकडेच राहिला. कदमसाहेब पाटी लावायला म्हणून रोज पार्किंगमध्ये यायचे आणि खांबाआडून बघत थांबायचे.

शेवटच्या दिवशी आइस्क्रीम. छोट्या पिशवीत दूध, साखर, आंब्याचा रस. ती पिशवी मोठ्या पिशवीत. मोठीत बर्फ आणि भरपूर मीठ. टॉवेलात गुंडाळायची आणि हलवत सुटायचं. मिठामुळे बर्फ वितळता वितळता इतका गार होतो की आतलं दूध गोठतं. पोरं पिसाळल्यासारखी नाचत होती. मीही एक पिशवी घेऊन नाचत होतो. आणि ओवीने सफारी सूटची बाही धरून ओढली, “आजोबा, माझे हात दुखले, तुम्ही हलवा!”

कदमसाहेबांनी इकडेतिकडे बघितलं. पिशवी घेतली. आधी बेताने हलवली, फाइल झटकावी तशी. मग जरा जोरात. मग त्यांच्यात काय संचारलं देव जाणे. दोन्ही हात डोक्यावर नेऊन, डोळे मिटून, कदमसाहेब असे घुमायला लागले की वॉचमनने शिट्टी मारली. आतली पिशवी फाटली. सगळा आंबा खारट बर्फात. पण साहेबांना कुठलं भान!

“परत!” ते म्हणाले. “नवीन पिशवी आणा! बर्फ आणा! मीठ कुठेय?”

“मीठ संपलं आजोबा.”

“संपलं कसं? मी आणतो!”

सर दुसऱ्या टोकाला पोरांना टॉवेल गुंडाळून देत होते. मी स्वतःची पिशवी सोडायला तयार नव्हतो. कदमसाहेब लिफ्टने वर गेले, सरांच्या उघड्या दारातून आत शिरले, फळीवरून बरणी उचलली आणि खाली येऊन मुलांच्या पिशव्यांत सढळ हाताने ओतली. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाने दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात लावला, तो नेमका तिला.

सर वळले तेव्हा बरणी साहेबांच्या हातात उपडी होती.

मी नाचायचा थांबलो. सरांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी साहेबांच्या हातातून रिकामी बरणी घेतली, आत बघितलं, काखेत धरली. “हलवा, हलवा,” पोरांना म्हणाले. “थांबू नका. गोठायला आलंय.” सगळ्यांना आइस्क्रीम मिळालं. सरांनी प्रत्येकाला विचारलं, छान झालंय ना? खारट पाणी झाडांना मारतं म्हणून पिशव्यांतलं सगळं एका पिंपात ओतायला लावलं. स्वतः चमचाभरही न खाता वर गेले. आणि त्यांनी दार लावलं.

त्या दाराला कडी आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

मी कदमसाहेबांना बाजूला घेऊन बरणीची गोष्ट सांगितली. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी लाल, मग पांढरा, मग चिडका. “अहो, मग पाटी लावायची ना! पाटी नव्हती! एक साधी पाटी लावली असती तर…” आणि मग मटकन खुर्चीत बसले. “पाटी नव्हती हो,” एवढंच पुटपुटत राहिले.

ओवी बोट चाटत उभी होती. म्हणाली, “आजोबा, पण ते गेलं कुठे? विरघळलंय फक्त. पिंपात आहे.”

आम्ही दोघं मोठी माणसं पिंपाकडे बघत राहिलो.

“ऊन पाहिजे,” ओवी म्हणाली. “आणि खूप ताटल्या.”

आमच्या सोसायटीत गच्ची आहे हे मुलांना नकाशावरच्या देशासारखं माहीत आहे. गच्चीची चावी कदमसाहेबांच्या अंगाला ताइतासारखी चिकटलेली असते. पापड वाळवायला मागितली तरी अर्ज लागतो. ती चावी त्यांनी खिशातून काढली आणि नातीच्या हातात दिली. मग सफारी सूटमधला तो माणूस दारोदार फिरला. “परात आहे का हो, परात? मोठी असेल तर बरं.” शाहभाभींनी दार उघडलं, बघितलं कोण आलंय, आणि दार लावून घेतलं. नंतर बरणीची गोष्ट कळली तेव्हा आपल्या लग्नातली परात स्वतः डोक्यावर घेऊन जिना चढल्या.

गच्चीवर पराती मांडल्या. मे महिन्याचं ऊन, नवी मुंबईचं, फुकट. कदमसाहेब छत्री घेऊन तिथेच खुर्ची टाकून बसले. कबुतरं हाकलायची, धूळ उडाली की जुन्या वायलच्या साडीने झाकायचं. अडचण निराळीच आली. त्यांनीच फोडलेल्या पिशवीतला आंबा आणि साखर सगळीकडे उतरली होती. मिठाला मुंग्या लागलेल्या मी जन्मात पहिल्यांदा बघितल्या. साहेबांनी प्रत्येक परातीखाली पाण्याचं ताट ठेवलं आणि मुंग्यांना उद्देशून एक पाटी लिहिली. ती मी इथे देत नाही, त्यात भाषा जरा घसरली होती.

इकडे सर बाहेर जात होते, येत होते, आल्यावर दार लावत होते. पोरं दारापर्यंत जाऊन परत फिरायची. मी बेल वाजवली, तर फटीतून “डोकं दुखतंय भाऊ” आणि दार बंद. हसवलं नाही, उडवलं नाही. मला ते अंडं आठवलं. चारी बाजूंनी दाबलं तरी टिकणारा माणूस. एका जागी जोर आला होता.

परातीतलं पाणी पार आटलं त्या दिवशी ओवीने जाऊन त्यांच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. “सर, प्रयोग फसलाय! वर चला!” फसलाय म्हटल्यावर ते आलेच.

गच्चीच्या दारात सर थबकले. पुढे पराती, परातीत जाडसर, खडबडीत, पिवळट मीठ. बाजूला छत्रीखाली कदमसाहेब, सफारी घामाने चिंब, नाक उन्हाने सोललेलं. बाकी बी विंग भिंतीला लागून उभी, देवळात उभी राहावी तशी.

“यात दुकानातलंपण आहे,” ओवी घाईघाईने म्हणाली. “वेगळं नाही करता आलं.”

सर परातीपाशी उकिडवे बसले. तळहात उभा धरला आणि मीठ मधून कडेला ओढायला लागले, सावकाश, एका लयीत, थोडं थोडं. तसं ओढताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कुणाला तरी पाहून पाहून शिकलेला हात होता तो. बराच वेळ ते ओढत राहिले.

“वेगलं कशाला करायचं,” शेवटी म्हणाले. आवाज पार जासईला पोचला होता. “बापूस पन समद्यांच्याच घरात वाटायचा. बरनीत मीच कोंडून ठेवलेला.”

मग मान वर करून त्यांनी सेक्रेटरींकडे बघितलं.

“साहेब. हात लावा.”

“मी? नको, नको.” कदमसाहेबांनी दोन्ही हात मागे लपवले. “मी नाही लावणार. एकदा लावला तेवढा पुरे.”

“लावा हो. हात लावल्याशिवाय कसं कळनार?”

साहेबांनी चपला काढल्या. वाकून एक खडा उचलला. कपाळाला लावला आणि जिभेवर ठेवला. त्यांचे डोळे विस्फारले, आणि ज्या माणसाने आयुष्यात अर्जाशिवाय तोंड उघडलं नाही तो अख्ख्या गच्चीला ऐकू जाईल असा ओरडला:

“अहो घरत, तुमच्या वडिलांना हापूसची चव आलीय!”